जुळ्यातली कालवड

मोहटोला, पोस्ट आमगाव
ता. ९ ऑगस्ट १९५३

उदेभान,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. तुझ्याआधी घटकाभर जन्मले म्हणून दर पत्रात लिहीत आले, आज हात वळला नाही. जबलपूरहून आलेली तुझी पत्रं मिळाली. सगळ्यांत एकच विचारणं, "बाई, काऊन गप्प झालीस?" म्हणून आज लिहायला बसले.

गेल्या दिवाळीत तू भाऊबीजेला इथे आला होतास. आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तू अजून ढोरांची डॉक्टरी शिकतोस तरी घरात डॉक्टर आला याचंच कौतुक. त्यांनी तुला ती पांढरी कालवड दाखवली. अंगानं भरलेली, देखणी, पण सांडाकडे कितीदा नेली तरी गाभण राहात नव्हती. तू तिला मागून तपासलंस, हात धुतलेस आणि विचारलंस, "ही एकटी जन्मली, का सोबत गोऱ्हा होता?" मामाजी चाट पडले. गोऱ्हा होता. तो आता आमच्या नांगराला आहे.

मग तू बाजेवर मांडी घालून सांगत बसलास. टोल्यातली सगळी वस्ती जमली. गाईच्या पोटात गोऱ्हा आणि कालवड एकत्र वाढले की दोघांच्या वारेतल्या रक्ताच्या नळ्या एकमेकींना जुळतात. गोऱ्ह्याचं रक्त कालवडीत जातं, त्यातला नरपणाचा रस तिला आधी पोचतो आणि तिची कूस नीट बनतच नाही. "अशा दहा कालवडी आना मामाजी, नऊ वांझ निघतीन," असं तू म्हणालास. विलायतेत अशा जुळ्या वासरांची कातडी काढून एकाची दुसऱ्याला लावली तर ती जगली, असंही सांगितलंस. दुसऱ्या कोणत्या ढोराची लावली तर गळून पडते म्हणे. लोक तोंडात बोट घालून ऐकत होते. मी चौकटीत उभी होते. मला तुझा अभिमान वाटत होता, तो लपवत नाही.

या उन्हाळ्यात मामाजींनी ती कालवड आमगावच्या बाजारात नेली. घेणाऱ्यानं विचारलं, अशी चांगली कालवड कायले विकता? मामाजी खोटं बोलत नाहीत. त्यांनी तुझं सगळं शास्त्र तिथे सांगितलं, तुझ्या नावानिशी. आपल्याच टोल्यातला एकजण शेजारी उभा होता. तो हसत मामाजींना म्हणाला, "बकाराम, कालवड तर विकून राहिलास. जुळ्यातली सून आहे घरी, तिले कवा आनतेस बाजारात?"

धाकट्या दिरानं हे घरी येऊन थट्टा म्हणून सांगितलं. कोणी हसलं नाही. सासू वाढत होती. तिचा हात भाताच्या गंजावर थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्या भाऊजींकडे. त्यांनी ताटातून मान वर केली नाही.

त्या दिवसापासून मी एका जागी बसू शकत नाही. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडते. शेतात जाते, तिथून कारण नसताना घरी येते. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, लेकरू नाही, हे दुःख होतंच. पण आजवर ते माझं होतं. आता त्याला तू कारण दिलंस, आणि कारण दिलेलं माणसं विसरत नाहीत. तू ढोराबद्दल बोललास, कबूल. पण माझ्याच सोबत जन्मलेला भाऊ माझ्याच सासरच्या अंगणात बसून बोलला. तुझ्या ध्यानात कसं नाही आलं?

मला एकच लिही. माणसात असं होतं का? गोड करून लिहू नकोस. खरं असेल तर खरं लिही.

दुर्पता


मोहटोला
ता. १३ सप्टेंबर १९५३

उदेभान,

तुझं उत्तर आलं. पहिला कागद मी जेवणाआधी यांच्या हातात दिला आणि म्हटलं, सगळ्यांपुढे वाचा. त्यांनी वाचला. माणसात असं होत नाही. भाऊ-बहीण जुळे असले तर दोघांच्या वारा वेगळ्या असतात, चिकटल्या तरी रक्ताच्या नळ्या गाईसारख्या जुळत नाहीत, आणि भावासोबत जन्मलेल्या कितीतरी बायांना लेकरं आहेत. तू साफ लिहिलं होतंस. वाचताना यांचा आवाज जरा मोकळा झाल्यासारखा वाटला.

मामाजी म्हणाले, "भाऊच होय तो. बहिनीसाठी लिहीनच."

मी म्हटलं, "दिवाळीत त्याचं खरं होतं, अन् आता खोटं झालं?"

"दिवाळीत त्याले काही पाहिजे नव्हतं. आता पाहिजे आहे."

याला काय उत्तर द्यायचं? तुला सुचतं का बघ. मी आठ दिवस शोधून राहिले. एखाद्याला आपल्याकडून काही नको असलं तरच त्याचं बोलणं खरं मानायचं, तर मग आपल्या माणसाचं कोणतंच बोलणं खरं नाही.

तुझा दुसरा कागद मी कोणाला दाखवला नाही. वळूचं बी काचेखाली ठेवून पाहतात, त्यात बारीक जीव वळवळताना दिसतात, कमी असले किंवा नसले तर दोष गाईचा नाही, हे असलं बहिणीला लिहितात का? वाचला आणि चुलीत घातला. पण दोनदा वाचून घातला.

नागपूरला बायकांच्या दवाखान्यात जा, असं तू लिहितोस. जाण्याचं मी बोलायचं, आणि नेणार कोण? यांना विचारलं तर म्हणतात, "बाबा म्हनतीन तसं." बाबा काही म्हणत नाहीत. फक्त सासू आताशा सकाळी मी समोर आले की पदर सावरून वळते. कालवडीवर ओरडायचं असलं की माणसं निदान तिला नाव घेऊन ओरडत.

दुर्पता


पिपरी
ता. २८ नोव्हेंबर १९५३

उदेभान,

हे पत्र आपल्या घरून लिहिते आहे. धान कापून झाला तसं सासूनं स्वतःच म्हटलं, "जा, मायकडे राहून ये." आजवर सुगीच्या दिवसांत मला कधी माहेरी धाडलं नव्हतं. खळ्यावर चुरणी बाकी, कामाला हात पुरत नाहीत, आणि मला सोडतात. तेव्हाच मी समजले.

तू विचारायला सांगितलंस ते आईला विचारलं. आपल्या वेळी वार एक पडली की दोन? आई भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "मले काय ठाव? मी सुदीवर नोहती. सुईन म्हने, एक जगन, एक जाईन. दोघंई रडले, तेवढं आयकलं." पुढे म्हणाली, "कायले विचारून राहिलीस?" मी सांगितलं नाही. तूही लिहू नकोस. तिला वाटेल, तिच्याच पोटात काही चुकलं.

आता ऐक. लांजीकडची एक मुलगी पाहून आलेत. प्रेमिला नाव. हे मला सासरहून कोणी सांगितलं नाही, आमगावला टांग्याची वाट पाहताना एका ओळखीच्या बाईनं सांगितलं, आणि मला ठाऊक नाही हे कळल्यावर तिनंच जीभ चावली. तुझे भाऊजी पाहायला गेले होते का, ते मी तिला विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. रस्ताभर तेवढंच मनात फिरत होतं.

आई म्हणते, सवत आली तर येऊ दे, तू मोठी राहशील. मला मोठी राहायचं नाही. मी आठ दिवसांत परत जाणार आहे. बोलावणं येण्याची वाट पाहिली तर येणारच नाही.

तुझं पुस्तक मामाजी मानत नाहीत. त्यांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तर मग मी त्यांना एक बाई दाखवीन, भावासोबत जन्मलेली, लेकुरवाळी. तुझ्या पुस्तकात कितीतरी आहेत ना? या मुलखात एक तरी असेल.

दुर्पता


मोहटोला
ता. ११ एप्रिल १९५४

चि. उदेभान यास आशीर्वाद.

सापडली. तिचं नाव वच्छला.

सगळा हिवाळा मी विचारत हिंडले. विहिरीवर, बाजारात, हळदीकुंकवाला. लोकांना वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. जुळे भाऊबहीण पुष्कळ निघाले, पण कुठे मुलगी वारलेली, कुठे अजून परकर नेसणारी. शेवटी पुष्पाबाई कासारीण, गावोगाव हिंडून बांगड्या भरणारी, ती म्हणाली, "कचारगडाकडच्या रानातली एक आहे. मोहफुलं घेऊन आमगावले येते. तिचा भाऊ अन् ती एकाच दिवशीचे."

पुढच्या बाजारी मी तिला गाठलं. पाटीपुढे बसली होती, पदराखाली लेकरू पीत होतं. मी उभ्याउभ्या विचारलं, "तू भावासोबत जन्मलीस का?"

"हो. पुनाराम. तो पुढं, मी मागून. काऊन?"

"लेकरं किती?"

ती हसली. "हे धाकटं. याच्यावर तिघं. मोहफुलं घेतेस का लेकरंच मोजतेस?"

मी तिथेच धुळीत बसले. तिनं तुंब्यातलं पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं, कालवडीपासून. तिनं पदराखालचं लेकरू दुसऱ्या बाजूला घेतलं. मग म्हणाली, "आमच्यात असं कोनी म्हनत नाही. पन लेकरू नाही झालं का आमचेही लोक काही ना काही काढतातच. कोनाची नजर, कोनाची जादू. तोंड सगळीकडे एकच." आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "मी येऊ का तुझ्या घरी?"

ती आली. भावाला घेऊन, लेकराला कडेवर घेऊन, आपला बाजार सोडून आली. मामाजींनी दोघांना अंगणात बसवलं, पाणी दिलं. पुनारामला विचारलं, जुळे ना? तो म्हणाला, जुळे. जंगलखात्याच्या कूपात लाकूडतोडीला जातो, कोणालाही विचारा. दोघांची नाकं सारखी आहेत, आंधळ्यालाही कळेल. मामाजींनी दोघांची तोंडं ताडून पाहिली. मला वाटलं, आता झालं.

मग ते म्हणाले, "रानातल्या लोकांचं रक्त वेगळं रायते. त्यांचं आपल्याले लागू नाही."

उदेभान, गाय आणि मी एका रक्ताच्या. वच्छला आणि मी वेगळ्या. हे त्यांनी तिच्या तोंडावर म्हटलं, आणि मी तिथे उभी होते. मी तिला बोलावलं होतं. मला खाली मान घालण्यापलीकडे काही करता आलं नाही. ती उठली, भावाला म्हणाली, "चाल रे, ऊन चढून राहिलं." मी वेशीपर्यंत गेले. माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "मले कायची माफी? मी तर घरी जाऊन राहिली. तुले इथीच रायचं आहे."

लांजीच्या मुलीशी लग्न ज्येष्ठात धरलं आहे. आपल्या घरचा कोणी माणूस बसून 'हो' म्हणाला तर मामाजींना बरं वाटेल. त्यांना भांडण नको, रीत पाहिजे. आपला बाप नाही, तेव्हा तुलाच बोलावणार. परीक्षा संपली की ये. बाजेवर बसून बोललास तसंच बसून बोल.

तुझी बहीण
दुर्पता


मोहटोला
ता. २४ मे १९५४

चि. उदेभान यास आशीर्वाद.

तू गोंदियाच्या गाडीत बसलास त्यानंतर इथे जे झालं ते लिहिते. पण आधी तुझ्याशी भांडायचं आहे.

मी तुला बोलावलं ते माझ्यासाठी बोलायला. तू बोललासही. पंच बसले होते, मामाजी म्हणाले, "तुझी बहीन राहीन, तिले काही कमी पडनार नाही, फक्त दुसरी येईन." तू शांतपणे सांगितलंस की माणसाचं गाईसारखं नसतं. मामाजींनी तेच उत्तर दिलं, भाऊ आहेस. तू म्हणालास, "मी तुमच्या कालवडीबद्दल बोललो होतो, बहिनीबद्दल नाही."

"बहीन काय गाय आहे का तुझी, आमी तसं समजाले?"

"गाय तुमी केली मामाजी, मी नाही."

इथे थांबला असतास तर मी तुझे पाय धरले असते. पण तू थांबला नाहीस. तुला राग चढला, आणि राग चढला की तू मास्तर होतोस. "अन् गायच म्हनता, तर आयका. गाय फळली नाही तर आमी एकट्या गाईले तपासत नाही. आधी सांड तपासतो. चैतरामभाऊले कोनी तपासलं का?"

कोणी तरी खोकलं. तुझे भाऊजी उठले, चप्पल न घालता बाहेर गेले. तू पाहिलंस का त्यांचं तोंड? मी पाहिलं. बाजारातली गोष्ट ऐकली तेव्हा माझं तसंच झालं असेल. तू दुसऱ्यांदा तेच केलंस, खरं तेच बोललास, आणि चारचौघांत बोललास. पहिल्या खेपेला मी होते, या खेपेला ते.

आता पुढचं. ते जेवायला आले नाहीत. मामाजी 'त्या पोराला पुन्हा उंबऱ्यावर येऊ देणार नाही' म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात शेण काढत होते, तेव्हा तुझे भाऊजी आले. टोपली हातातून घेतली आणि माझ्याकडे न पाहता शेण भरू लागले. टोपली भरली तरी उचलली नाही.

"त्या काचेखाली काय दिसते?" त्यांनी विचारलं.

तुझा जाळलेला कागद मला पाठ होता. मी सांगितलं. बारीक जीव असतात, वळवळतात. पुष्कळ असले तर चांगलं.

"अन् नसले तर?"

"तर नसले."

"मानसाचंही पाहतात?"

"पाहत असतीन. नागपुरात."

ते टोपली घेऊन गेले, उकिरड्यावर टाकून परत आले. "जाऊ," म्हणाले. "घरी सांगू नको. तुले दाखवाले नेतो म्हनतो."

इतक्या वर्षांत ते बाबांना न विचारता पहिल्यांदा काही म्हणाले. मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी असंही वाटलं की याआधी कुठे होते. हे दोन्ही एकदम कसं वाटतं, ते तुझ्या पुस्तकात नसेल. नागपूरच्या दवाखान्यात तुझ्या ओळखीचं कोणी असेल तर चिठ्ठी धाड, लवकर धाड. ज्येष्ठ लागायला आला आहे.

दुर्पता


मोहटोला
ता. २० जून १९५४

चि. उदेभान यास आशीर्वाद.

तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांनी चांगलं वागवलं. मला डॉक्टरीणबाईंनी तपासलं. काय काय केलं ते लिहीत नाही, पण मला गोठ्यातली ती कालवड आठवली, शेपटी बाजूला धरून उभी असलेली. बाई हात धूत म्हणाल्या, "तुझ्यात काही खोट दिसत नाही. कूस नीट आहे." मी म्हटलं, मी जुळ्या भावासोबत जन्मले. त्या म्हणाल्या, "मग?" त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. मला हसू आलं आणि थांबेना, नर्सनं धरून बाहेर आणलं.

मग यांची पाळी. पुरुषांच्या बाजूला कंपाउंडरनं यांच्या हातात एक काचेची बाटली दिली आणि काय करायचं ते सांगितलं, जरा मोठ्यानंच. बाकावर दुसरीही माणसं होती. यांनी बाटली बाकावर ठेवली आणि सरळ फाटकाबाहेर. मी मागे धावले. टेशनावर येऊन आम्ही परतीच्या गाडीत बसलो.

गोंदियाला उतरलो. आमगावची पॅसेंजर यायला वेळ होता. पलीकडे छोट्या लाइनीवर तुझी जबलपूरची गाडी उभी होती, बायका खिडकीतून गाठोडी आत ढकलत होत्या. माझ्या पायांना काय झालं मला कळलं नाही. मी चालायला लागले. पूल चढले, उतरले, डब्यापाशी गेले. तिकीट नव्हतं, पिशवी यांच्यापाशी होती. तरी दांड्याला हात लावला.

मागून आवाज आला. "कुठी चाललीस?"

"मले माहीत नाही."

ते पुलाच्या शेवटच्या पायरीवर बसले. घामानं भिजलेले, पिशवी छातीशी धरलेली. भोवती भेलवाला, हमाल, गर्दी, "हटो हटो" चाललेलं. कोणी त्यांना ओलांडून जात होतं. ते म्हणाले, "जाशीन तर जा. मी अडवत नाही. पन मी लांजीले मुलगी पाहाले गेलो नोहतो. बाबा एकटेच गेले होते. येवढं तुले सांगाचं रायलं होतं."

मी दांडा सोडला नाही. म्हटलं, "अन् ती आली असती तर?"

पिशवी पायरीवर ठेवून म्हणाले, "तर आली असती." मग पुन्हा म्हणाले, "तिचंही तुझ्यासारखंच झालं असतं कदाचित. सहा वर्षांनी तिलेही बाजारात नेलं असतं." आणि उठले. "चाल, परत जाऊ."

"घरी?"

"नागपूरले."

तुझी गाडी माझ्यादेखत सुटली. आम्ही मोठ्या लाइनीवर येऊन नागपूरच्या गाडीत बसलो.

दोन दिवस धर्मशाळेत राहिलो. डॉक्टरांनी त्यांना एकट्याला आत बोलावलं. बाहेर आले तसे आम्ही सरळ टेशनावर गेलो. गाडी भंडारा रोड सोडून पुढे आली तेव्हा म्हणाले, "एकही नाही म्हने. काचेत काहीच नाही. वयात येताना गालफुगी झाली होती का, विचारलं. झाली होती. त्यानं जाते म्हने कोनाकोनाचं."

त्यांना माझ्याकडून काही पाहिजे होतं. "घरी सांगू नका, मलाच म्हणू द्या लोकांना, मला सवय झाली," असं म्हणता आलं असतं. चांगली बायको म्हणाली असती. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. शेतात नांगर चालले होते.

अजून त्यांनी घरी काही सांगितलेलं नाही. आल्यापासून दोघंही सारखे इकडून तिकडे करून राहिलो आहोत. सासू विचारते, काय म्हणाले डॉक्टर? मी म्हणते, तुमच्या लेकाला विचारा.

दुर्पता


मोहटोला
ता. २९ ऑगस्ट १९५४

चि. उदेभान यास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. धानाची रोवणी चालली होती, हातापायांना चिखल्या झाल्या, लेखणी धरवत नव्हती. तू दोनदा विचारलंस, पुढे काय झालं. सांगते.

लग्नाला आठवडा उरला होता. सकाळची वेळ, मामाजी बैलांना तणीस टाकत होते. तुझे भाऊजी दावणीपाशी गेले आणि म्हणाले, "बाबा, लांजीले नाही म्हनून कळवा. दोष तिच्यात नाही, माझ्यात आहे. नागपूरले पाहून आलो."

मामाजी तणीस टाकत राहिले. गव्हाण भरली, बाहेर सांडू लागली, तरी टाकत राहिले. मग पेंढी हातातच राहिली आणि म्हणाले, "नक्की पाहिलं?"

"मी सोताच्या डोळ्यानं पाहिलं. डॉक्टरनं काचेला डोळा लावाले सांगितलं. दुसऱ्याचं दाखवलं, मग माझं दाखवलं."

हे मलाही ठाऊक नव्हतं. गाडीत त्यांनी तेवढं सांगितलं नव्हतं.

मामाजी त्याच दिवशी लांजीला गेले. निरोप धाडता आला असता, पण स्वतः गेले. पुढच्या बाजारात त्या जुन्या थट्टेखोरानं विचारलं, लांजीचं काय झालं? मामाजी खोटं बोलत नाहीत, हे मी तुला लिहिलं होतं. ते म्हणाले, "खोट आमच्या घरची निघाली, सुनेची नाही." हे मला दिरानंच सांगितलं, आणि या वेळी थट्टा म्हणून सांगितलं नाही. माझ्याशी मात्र मामाजी अजून एक शब्द बोललेले नाहीत. मी ताट वाढते, ते जेवतात. पाणी मागायचं झालं तर दिराला सांगतात.

सासू एका दुपारी तेलाची वाटी घेऊन माझ्यामागे येऊन बसली. न विचारता केस सोडले. वर्षभर मला पाहून वळून गेलेली बाई. टाळूवर तेल थापलं. म्हणाली, "तू आता जाशीन का व?"

"कोन म्हनलं?"

"कोनी नाही. तुझी उमर आहे. तुझ्यात खोट नाही." मग केसांचे पेड पाडू लागली. "मी तुले काय काय बोलली."

मी तिला तेल लावू दिलं. तिला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. पण तिचे हात गरम होते आणि मला झोप येत होती.

आता खरं ते लिहिते. त्याच आठवड्यात यांनी मला बांधावर बसवून सांगितलं, "पंचापुढं फारकत देतो. तू दुसऱ्यासंग पाट लाव. तुले लेकरू होईन. मी बोल लावनार नाही, कोनाले लावू देनार नाही." त्यांनी हे आधी पाठ केलं असावं, एकही शब्द अडला नाही. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. सहा-सात वर्षांत इतकं नीट पाहिलं नव्हतं. मला लेकरू पाहिजे आहे, उदेभान. वच्छलाच्या पदराखालचं ते तोंड अजून दिसतं. ते खोटं कसं बोलू? आणि हा माणूस, ज्यानं एक साल तोंड उघडलं नाही आणि मग उघडलं तर असं उघडलं, त्याला टाकून जावं का, तेही कळत नाही. मी म्हटलं, "रोवणी होऊ द्या." ते म्हणाले, "बरं."

तू लिहितोस, जबलपूरला ये, माझ्यापाशी राहा, विचार कर. येईन कधी. पण विचार तिथे बसून होणार नाही. तो इथेच, यांच्यासमोरच होईल. तू मात्र भाऊबीजेला ये. मामाजींना मी विचारलं नाही, यांना विचारलं. ते म्हणाले, "येऊ दे. त्याच्याशी मले बोलाचं आहे." काय बोलायचं आहे ते मला सांगितलं नाही. ते भांडणार नाहीत, येवढं मात्र मला कळतं.

परवा शेवटची बांधी लावून झाली. बाया गाणी म्हणत घरी गेल्या. आम्ही दोघं मागे राहिलो, पाय धूत. ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "रोवनी झाली."

"हो."

"मंग?"

मी पदर खोचला, उरलेली रोपं बांधावर ठेवली. म्हटलं, "मग धानाचं निंदन आहे."

तुझी बहीण
दुर्पता